डाव्या बोल्टची रायफल

"बोल्ट डाव्या बाजूला असलेली रायफल आहे का तुमच्यापाशी?"

बाबांनी हे इतक्या सहज विचारलं, जसं काही सदऱ्याचं कापड मागत होते. माझ्या हातात चहाची बशी होती. ती मी काउंटरवर ठेवून दिली, नाहीतर रागानं फेकलीच असती.

ताहेरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. नागपुरात सदरमध्ये त्यांचं बंदुकांचं दुकान होतं आणि बाबांची त्यांची ओळख माझ्या जन्माच्याही आधीची.

"डाव्या बोल्टची?" ते म्हणाले. "मालगुजारसाहेब, तुमच्या घरात डावरा कोण झाला आता?"

"आहे एक जण," बाबा म्हणाले.

बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीवरचा लोखंडी दांडा. गोळी मारली की तो उचलून मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढं ढकलून खाली दाबला की नवं आत बसतं. जगातली बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून हा दांडा उजवीकडे असतो. डावीकडे दांडा असलेली रायफल फक्त डावखुरा माणूस मागतो. आणि आमच्या घरात डावखुरं कोणी नव्हतं. बाबा उजवे, मी उजवा, आई उजवी, चुलते उजवे. आमच्या ओळखीत बंदूक चालवणारा डावखुरा माणूस एकच होता, चिचटोल्याचा बिसन. त्याच्यासाठीच ही सगळी खटपट चालली आहे, हे मला उजेडाइतकं स्वच्छ दिसलं.

साल बासष्ट असावं. शिकारीवर तेव्हा बंदी नव्हती. परवाना काढून माणसं रानात जात आणि भंडाऱ्याकडच्या आमच्या भागात केवळरामजी लांजेवार, म्हणजे आमचे बाबा, हे त्या कामातलं मोठं नाव होतं. मालगुजारी कधीच गेली होती, तरी लोक त्यांना मालगुजार म्हणत आणि बाबा ओ देत. कुठं रानडुकरांनी उभं धान लोळवलं, कुठं बिबट्यानं गोठ्यातून वासरू नेलं, की तिथला माणूस आमच्या दारात येऊन उभा राही. बाबा त्याला आधी जेवू घालत, मग निघत. दारात माणूस आला नाही असा महिना गेला तर बाबांचं तोंड कडू होत असे.

पण गेल्या उन्हाळ्यापासून काहीतरी बिनसलं होतं. दारात आलेल्या माणसाला बाबा परत पाठवू लागले. जुनी रायफल बिघडली आहे, नळी खराब झाली आहे, असं सांगू लागले. आणि दर बुधवारी एकटेच चिचटोल्याला जाऊ लागले. चिचटोला म्हणजे रानाला लागून असलेली चार घरांची वस्ती. बाबांसोबत जन्मभर जनावराचा माग काढणारा सुकलू तिथला. तो साप चावून मेला होता. मागे त्याची बायको फगनी आणि ऐन विशीतला मुलगा बिसन. घरात धान भरलं की त्यातलं थोडं चिचटोल्याला जाई, ते ठीक होतं. पण बुधवारी सकाळी जायचं, दिवे लागायच्या वेळी परतायचं, आणि विचारलं तर "काम होतं" एवढंच सांगायचं, हे कोणाला ठीक वाटेल?

गावाला तर मुळीच वाटलं नाही. आमचा न्हावी एकदा माझी दाढी करता करता म्हणाला, "सेवकबापू, तो बिसन पोट्टा डाव्या हातानं उडती तितर पाडते म्हणे. तुमचे आजोबाबी डावरेच होते ना जी?" वस्तरा माझ्या गळ्यावर होता म्हणून मी काही बोललो नाही. पण आजोबा डावखुरे होते हे खरंच होतं. पंगतीत त्यांचा कोपर शेजारच्याला लागायचा म्हणून त्यांचं पान टोकाला मांडत. न्हाव्याला जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलं आणि माझ्या डोक्यात किडा सोडून दिला.

त्यानंतर एका बुधवारी मी सायकल काढून चिचटोल्याजवळच्या तलावाच्या पाळीपर्यंत गेलो. रानातून दोघं येताना दिसले. बाबांचा हात बिसनच्या खांद्यावर होता. नुसता टेकलेला नव्हे, चांगला घट्ट धरलेला. माझ्या खांद्यावर बाबांनी असा हात कधी ठेवला नव्हता. मी सायकल वळवली आणि घरी येऊन आईला जे पाहिलं ते सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिनं सगळी भाजी निवडली, धुतली, चुलीवर घातली आणि मग म्हणाली, "मले ठाऊक होतं."

नागपूरला रायफल घ्यायला जायचं ठरलं तेव्हा बाबा एकटेच निघाले होते. आईनंच मला पुढं केलं.

"सेवक, तू जा सोबत," ती म्हणाली, आणि बाबा आंघोळीला गेल्यावर मला कोपऱ्यात घेऊन बोलली. "कोणासाठी घेऊन राहिले ते नीट पाहून ये. घरासाठी घेतली तर ठीक. त्या पोट्ट्यासाठी घेतली असं निघालं, तर मी तुमसरले जाते, भावाकडं. मग मले आणायले कोणी येऊ नका."

तिनं खाटेखालची ट्रंक बाहेर ओढून ठेवली होती. आमची आई कमी बोलणारी बाई; पण जे बोलली ते तिनं केलं नाही असं कधी झालं नव्हतं. मला बसमध्ये रस्ताभर ती ट्रंकच दिसत होती.

ताहेरभाईंनी आधी साधी रायफल काढली. देशी बनावटीची, तीनशे पंधरा बोअरची, कोरी करकरीत. "ही पाहा. याच्या गोळ्या कुठंही मिळतात. मोडली तर दुरुस्त होते. परदेशी मालाचं काय, एक स्प्रिंग तुटली की वर्षभर चिठ्ठ्या लिहीत बसा."

बाबांनी ती हातात घेतली. आधी बोल्ट उघडला, आत करंगळी घालून पाहिली, काडतूस नाही याची खात्री केली, नळी छताकडे केली आणि मगच तिच्याकडे बघायला लागले. हा त्यांचा शिरस्ता होता. बंदूक रिकामी आहे असं खुद्द ब्रह्मदेवानं सांगितलं असतं तरी त्यांनी करंगळी घातलीच असती. एकदा एका बड्या साहेबाच्या मेव्हण्यानं हाक्याला, म्हणजे रान उठवून जनावर पुढं हाकायला, जमलेल्या माणसांकडे रिकाम्या बंदुकीची नळी वळवली तेव्हा बाबांनी सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात दिली होती. साहेबांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे पाहू लागले.

"वजन बरं आहे," बाबा म्हणाले. "पण ही नाही चालणार. हात पलीकडून न्यावा लागते."

"उजव्या हाताच्या माणसाले नाही न्यावा लागत," मी म्हणालो.

बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. ताहेरभाईंनी मात्र एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. धंद्यातला माणूस, ग्राहकाच्या घरचं भांडण त्यांना वासावरून कळत असणार.

"एक आहे," ते म्हणाले. "मँगनीजच्या खाणीवर एक गोरा साहेब होता, पक्का डावरा. त्यानं मागवली. रायफल आली तोवर साहेब आपल्या मुलुखाला निघून गेला. तेव्हापासून पेटीत पडून आहे. नवी आहे, ग्रीससुद्धा पुसलेलं नाही. पण घेणार कोण? येतो तो हातात धरतो, हसतो आणि परत देतो."

"काढा," बाबा म्हणाले. आणि लगेच माझ्याकडे वळून, "सेवक, मले एक पान घेऊन ये."

मला बाहेर घालवायचं होतं त्यांना. मी गेलो. पानवाला दुकानाला लागूनच होता आणि पान लावायला त्याला कितीसा वेळ लागणार? मी परत आलो तर दाराच्या काचेतून आतलं दिसलं. बाबांनी ती रायफल डाव्या खांद्याला लावली होती. डावा गाल लाकडावर टेकवला होता. डाव्या हातानं बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. पुन्हा वर, मागे, पुढे, खाली. मान जरा मागे घेऊन लाकडाची लांबी जोखत होते.

बिसनसाठी माप घेत होते! दुसऱ्याच्या अंगानं, दुसऱ्याच्या हातानं बंदूक धरून पाहत होते, त्याला नीट बसेल का म्हणून. माझ्या अंगाचा जाळ झाला. माझ्यासाठी बाबांनी उभ्या आयुष्यात साधी चप्पल मापून आणली नव्हती. मोठी आणायचे आणि पुढच्या वर्षी होईल म्हणायचे.

मी दार ढकललं. बाबांनी घाईघाईनं रायफल खाली घेतली.

"माप बरोबर आहे," ते ताहेरभाईंना म्हणाले.

"कोणाचं माप?" मी विचारलं.

"पान दे."

ताहेरभाईंनी मध्येच सांगून टाकलं की दुपारी दुकान बंद ठेवून ते आम्हाला त्यांच्या मोटारीतून कोराडीच्या रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या खदानीत नेतील. तिथं दोन गोळ्या मारून पाहायच्या, मग घ्यायची की नाही ते ठरवायचं. तोवर आम्ही जेवून यावं.

आम्ही सावजीच्या खानावळीत जाऊन बसलो. बाबांना सावजीचं मटण फार आवडे, आणि नागपूरला आलं की ते खाल्ल्याशिवाय ते परतत नसत. त्या दिवशी मात्र ताट आलं तेव्हा त्यांच्या हातानं पाण्याचा पेला उडवला. पाणी सगळ्या टेबलावर पसरलं.

"पेला इथं कोणी ठेवला?" ते माझ्यावर खेकसले.

पेला नेहमी असतो तिथंच, त्यांच्या उजव्या हाताशी होता. मी पाणी पुसून काढलं आणि तेवढ्यानं माझा उरलासुरला धीर संपला.

"रायफल बिसनसाठी आहे ना?"

"कोण म्हणते?"

"दुसरा डावरा कोण आहे?"

बाबांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला.

"बुधवारी चिचटोल्याले काय करता तुम्ही?"

"काम राहते."

"कोणतं काम?"

"तुले सांगायचं नाही असं काम राहते."

"मले नका सांगू. आईले सांगा," मी म्हणालो. "ती ट्रंक काढून बसली आहे. बिसनसाठी रायफल घेऊन घरी गेले तर ती तुमसरले जाणार आहे. कायमची."

बाबांचा हात ताटावरच थांबला. "तिनं म्हटलं असं?"

"हो."

"कायम म्हटलं?"

"आणायले येऊ नका म्हटलं."

शेजारच्या टेबलावर दोन माणसं हाडं चोखत होती, त्यांनी चोखणं थांबवलं. मला आता कोणाची लाज राहिली नव्हती. मी सरळच विचारलं, "बिसन तुमचा पोट्टा आहे का?"

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी ताट माझ्या अंगावर फेकावं, निदान शिवी हासडावी, अशी माझी मनोमन इच्छा होती. तसं केलं असतं तर मी तिथल्या तिथं त्यांचे पाय धरले असते. पण ते विचार करत होते. माणूस खोटं बोलण्याआधी करतो तसा विचार, असं मला वाटलं, आणि आता ते खोटं बोलून "नाही" म्हणणार याची मी वाट पाहत बसलो.

"असं समज," ते म्हणाले.

"असं समज म्हणजे?"

"म्हणजे हो. जेव आता."

मी जेवलो नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि खानावळवाला विचारायला आला तेव्हा रस्सा तिखट आहे असं सांगितलं. तो खूश होऊन गेला. बाबांनी मात्र आपलं ताट स्वच्छ केलं. एवढं सांगून झाल्यावर माणसाला जेवण जातंच कसं, याचं मला त्या वेळी भयंकर आश्चर्य वाटलं. माझ्या बापाला मी ओळखतच नव्हतो, असं मला वाटत होतं. आणि आईला जाऊन काय सांगायचं याची भीती त्याहून मोठी होती.

खदानीत ऊन मी म्हणत होतं. ताहेरभाईंनी लांबवर एका दगडावर रॉकेलचा रिकामा डबा ठेवला, परत आले आणि बाबांच्या डाव्या अंगाला उभे राहिले. मी आधी मोटारीपाशीच थांबलो होतो. मला ती रायफल पाहायचीही इच्छा नव्हती. पण बाबांनी ती पुन्हा डाव्या खांद्याला लावली तेव्हा मला राहवलं नाही. मी पुढं जाऊन त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहिलो, हात लांब केला तर त्यांना लागेल इतक्या जवळ.

गोळी सुटली. डबा उडून मागच्या कपारीत पडला.

"वा!" ताहेरभाई म्हणाले आणि पुन्हा डबा मांडायला गेले.

मी डब्याकडे पाहिलंच नाही. मी बाबांकडे पाहत होतो. उजव्या हाताचा माणूस डाव्या खांद्यानं पहिल्याच गोळीत डबा उडवत नाही. मी स्वतः एकदा गंमत म्हणून तसं करून पाहिलं होतं. बंदूक कोणी दुसऱ्याचीच वाटते आणि कोणता डोळा मिटायचा तेच समजत नाही. बाबांचा गाल मात्र लाकडावर अलगद बसला होता. हे त्यांनी पूर्वी पुष्कळदा केलेलं होतं. मग माझा संशय आणखीच वेड्यासारखा धावायला लागला. कधी केलं? कोणासाठी? लेकाला शिकवायचं म्हणून बाप स्वतः डावरा झाला की काय?

ताहेरभाई परत आले. बाबांनी बोल्ट ओढला, रिकामं काडतूस टणकन दगडावर पडलं, नवं आत गेलं. बाबा खुशीत होते. खुशीतच त्यांनी मान वर केली आणि ओरडले, "सेवक! अरे, सेवक कुठं गेला?"

आणि ते वळले. माझ्या बाजूला, उजवीकडे. भरलेली रायफल त्यांच्यासोबत वळली आणि नळी माझ्या पोटासमोर येऊन थांबली.

"साहेब!" ताहेरभाई किंचाळले.

बाबांचं बोट घोड्यावर नव्हतं, पण घोड्यापासून दूरही नव्हतं. त्यांचा चेहरा अर्धाच माझ्याकडे वळला होता, डावा डोळा नाकाच्या पलीकडे होता, आणि ते मोटारीच्या दिशेला मला शोधत होते. त्यांचा उजवा डोळा उघडा होता, स्वच्छ होता, माझ्यावरच रोखलेला होता, आणि त्याला मी दिसत नव्हतो.

"बाबा," मी म्हणालो. "मी इथंच आहे."

इतक्या जवळून आवाज आल्यावर ते दचकले. त्यांनी सगळी मान फिरवली, कोंबडी फिरवते तशी, आणि डाव्या डोळ्यानं मला पाहिलं. मग नळी कुठं आहे ते पाहिलं.

तसा चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही कधी पाहिला नाही. त्यांनी नळी आभाळाकडे केली, बोल्ट उघडला, काडतूस वाळूत पडू दिलं, आणि तिथल्याच एका दगडावर मटकन बसले. रायफल मांडीवर आडवी होती. ताहेरभाईंनी वाकून काडतूस उचललं, खिशात टाकलं, आणि मोटारीत थर्मास आहे, चहा आणतो, असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. ते बराच वेळ आलेच नाहीत.

मी बाबांच्या उजव्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. काचबिंदू आहे म्हणते डॉक्टर. गेलेली नजर परत येत नाही म्हणते."

"आणि डावा?"

"डावा चांगला आहे."

"मग बिसन?"

"त्याच्यापाशी शिकून राहिलो ना," बाबा चिडून म्हणाले, जसं काही हे मला कधीच कळायला हवं होतं. "डाव्या खांद्यानं मारणारा दुसरा कोण आहे आपल्या भागात? पहिले दोन महिने तर पोट्टा हसे मले. रानात चालताना उजवीकडून राहते तो. झाड आलं, खड्डा आला, तर खांदा दाबते माझ्या हाताखाली. त्याशिवाय मी पडलो असतो कितीदा तरी."

मी त्यांच्या शेजारी बसलो. मला हसू येत होतं आणि बापाच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असंही वाटत होतं.

"आम्हाले सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? केवळराम काणा झाला? एकदा हे गावात गेलं म्हणजे संपलं. मग कोण येते दारात? येणाऱ्यालेबी वाटन, याच्या हातात बंदूक देऊन आपलेच माणसं मरतील." हे बोलल्यावर त्यांना एकदम काही आठवलं असावं. ते माझ्या पोटाकडे पाहू लागले. मग सावकाश म्हणाले, "आणि मरतीलच म्हणा. आता तूच पाहिलं."

"मघाशी खानावळीत 'हो' कायले म्हटलं मग?"

"तूच विचारलं ना? तुझ्यापाशी तयार उत्तर होतं, मी घेतलं."

"आणि त्या फगनीबाईचं नाव गेलं त्यात!"

"ते ध्यानात नाही आलं," बाबांनी कबूल केलं. आणि खरोखरच ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून मला दिसलं.

रायफल घेतली. मी नको म्हणालो, ताहेरभाईही म्हणाले की साहेब, विचार करा, घाई नाही. पण बाबांनी ऐकलं नाही. यापुढं तू उजवीकडे उभा राहिल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही, एवढं मात्र त्यांनी मला तिथंच कबूल केलं, आणि तो शब्द त्यांनी पाळला. डावा डोळा शाबूत होता तोवर आम्ही दोघंच जात होतो.

परतीच्या बसमधून गावाच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. रायफलीची पेटी माझ्या खांद्यावर होती. घर दिसायला लागलं तसे बाबा थांबले.

"आईले सांगू नको."

"काय सांगू नको? बिसनचं?"

"नाही. डोळ्याचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो, ती तुमसरले जाईल!"

"जाऊ दे. दोन महिन्यांत येईल परत," बाबा म्हणाले. "डोळ्याची गोष्ट फुटली तर ती परत येत नाही."

मी पुढं निघालो. बाबा मागून येत होते आणि माझी पाठ त्यांच्या डाव्या डोळ्याला नीट दिसत असणार, कारण ते पुन्हा पुन्हा खाकरत होते.

आई ओसरीवर ट्रंकेवर बसली होती. अंगावर बाहेर जायचं लुगडं होतं. तिनं पाणी विचारलं नाही, हातपाय धुवा म्हटलं नाही. पेटीकडे पाहून माझ्याकडे पाहिलं.

"कोणासाठी घेतली?"

बाबा खांबाला टेकून उभे राहिले. चांगला डोळा माझ्यावर रोखून.

"बाबांसाठी," मी म्हणालो. "त्यांचा उजवा डोळा गेला आहे. दिसत नाही काहीच. बिसनपाशी डाव्या हातानं मारायचं शिकून राहिले होते."

"सेवक!" बाबा ओरडले. हाक्यातल्या माणसांवर ओरडत तसे.

आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग फगनी?"

"फगनीचं काही नाही."

"आणि तो पोट्टा?"

"सुकलूचाच आहे. दुसऱ्या कोणाचा राहील?"

आई उठली. बाबांपुढं जाऊन उभी राहिली. बाबा उंच, ती त्यांच्या छातीएवढी. तिनं हात वर करून तळव्यानं त्यांचा डावा डोळा झाकला. आमच्या देखत आई बाबांना कधी हात लावत नसे, त्यामुळे बाबा घाबरून ताठ उभे राहिले.

"हालू नका," ती म्हणाली. "आता सांगा, मी काय करून राहिली?"

बाबांचा उजवा डोळा उघडा होता. तो तिच्या कपाळावरून कुठंतरी पलीकडे पाहत होता. त्यांचा ओठ हलायला लागला.

"रडून राहिली," ते अगदी हळू म्हणाले. "नको रडू. एक आहे ना चांगला."

पदराचा बोळा तोंडात कोंबून, आवाज फुटू नये म्हणून सगळं अंग आवळून आई हसत होती. आणि दुसऱ्या हाताचं बोट हलवून मला खुणावत होती, सांगू नको म्हणून.